बॉनेट कोण उघडणार?

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. आमच्या सल्लाकेंद्राच्या फोनवर २२ किलोमीटर दूरच्या गावातून एका बाईचा फोन आला. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं होतं. कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. गावाच्या फाट्यावर एस.टी.ची शेड आहे, तिथे ती उभी होती. पोलिसांना कळवू का, असं विचारलं तर म्हणाली, "नको ताई, चौकीतला माणूस त्यांच्या ओळखीचा आहे. तुम्हीच या."

आमच्या केंद्राकडे एक गाडी आहे. देणगीतून घेतलेली, १२ वर्षं जुनी, पेट्रोलवर चालणारी. ती चालवणारे दादा त्या दिवशी गावी गेलेले. पण आमचं काही अडणार नव्हतं, कारण मला गाडी चालवता येते. ९ वर्षं लायसन्स आहे. घाटातून, पावसातून, रात्री-अपरात्री गाडी चालवलेली आहे आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे. मी आणि माझी सहकारी निघालो. किल्ली फिरवली. इंजिन फिरलंच नाही. आतून नुसतं टक-टक-टक-टक झालं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले. परत फिरवली, परत तेच. पंधरा वेळा तरी फिरवली असेन. मग आम्ही दोघी गाडीकडे बघत नुसत्या उभ्या राहिलो.

बॉनेट उघडावं असं मला सुचलंच नाही. उघडून बघणार तरी काय?

रिक्षावाल्यांना फोन केले, ओळखीच्यांना उठवलं. शेवटी सहकारी मैत्रिणीचा भाऊ त्याची गाडी घेऊन आला. अकराच्या आत निघायचं, ते आम्ही एक वाजता फाट्यावर पोचलो. ती बाई शेडच्या मागच्या भिंतीला टेकून अंधारात बसली होती. म्हणाली, "मोटारसायकलचा दिवा दिसला की मागे लपायची. यांचीच गाडी असेल असं वाटायचं." त्या रात्री पुढे आणखी वाईट काही झालं नाही, पण त्याचं श्रेय आम्हाला घेता येणार नाही.

सकाळी दादा आले. त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या एका टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी जमली होती आणि क्लॅम्प हाताने हलत होता. १० नंबरच्या पान्याने त्यांनी तो सैल केला, कोमट पाणी टाकून भुकटी धुतली, पुसून कोरडं केलं, पॉलिश पेपरने घासलं आणि क्लॅम्प घट्ट बसवला. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. दादा हात पुसत म्हणाले, "ताई, एवढंच होतं."

हे 'एवढंच होतं' माझ्या डोक्यातून जाईना. माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे. कुटुंबाच्या, वस्तीच्या समस्येचं निदान कसं करायचं हे मी दोन वर्षं शिकले आणि पुढे शिबिरांतून इतरांना शिकवलं. आणि हाताने हलणारी एक पट्टी मला दिसली नाही, कारण मी पाहिलंच नाही. ९ वर्षांत बॉनेटचा खटका मी एकदाच ओढला होता, तोही पेट्रोलच्या टाकीचा समजून, चुकून.

स्टिअरिंग मिळालं, पुढचं राहिलं

आपल्यापैकी अनेकींनी गाडी चालवायला शिकणं ही एक लढाई म्हणून लढलेली आहे. घरात आधी सायकलवरून वाद, मग स्कूटरवरून, मग गाडीवरून. लायसन्स हातात पडलं त्या दिवशी पेढे वाटलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत. पण या लढाईत आपण स्टिअरिंगपाशी थांबलो, असं आता मला वाटतं. मी ज्या क्लासला गेले तिथे गिअर, क्लच, रिव्हर्स सगळं शिकवलं, बॉनेट मात्र एकदाही उघडून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि विचारणार कशी? लहानपणी आमच्या घरासमोर काकांची गाडी बंद पडली की भावाला टॉर्च धरायला बोलावलं जायचं आणि मला चहा आणायला सांगितलं जायचं. माझ्या भावाला कुणी मुद्दाम गाडी 'शिकवली' नाही. तो फक्त तिथे उभा होता. दहा-बारा वर्षं टॉर्च धरून उभा राहिला, की माणसाला पाने ओळखू येतात, कुठला आवाज कसला ते कळतं. मोठेपणी लोक म्हणतात, पुरुषांना यंत्राचं उपजतच कळतं. उपजत काही नसतं. टॉर्च कुणाच्या हातात दिला होता, एवढाच प्रश्न असतो.

मला इथे दुरुस्तीबद्दल बोलायचं नाही. इंजिन खोलणं हे कसबाचं काम आहे, ते शिकायला वर्षं जातात. मला निदानाबद्दल बोलायचं आहे. 'काय झालंय?' हा प्रश्न फिटर विचारतो, रस्त्यावर मदत पाठवणारी कंपनी फोनवर विचारते, नवरा विचारतो. त्याला आपलं ठरलेलं उत्तर असतं, "माहीत नाही, बंद पडली." या उत्तरानंतर पुढचं सगळं दुसरा ठरवतो. बिघाड कोणता, खर्च किती, थांबायचं किती. आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईला आपण काय सांगतो? काय झालं, कधी झालं, आधी काय दिसलं, हे नीट आठवून सांग. कारण ज्याला आपला त्रास नेमक्या शब्दांत सांगता येतो, त्याला सहज गप्प बसवता येत नाही. हेच मला गाडीच्या बाबतीत लागू करावंसं वाटलं. मी दादांना म्हटलं, मला शिकवा. ते आधी हसले, मग शिकवायला लागले.

जमिनीवरचा डाग काय सांगतो

पहिला धडा पुठ्ठ्याचा होता. रात्री गाडी सपाट जागी उभी करून इंजिनखाली मोठा स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवायचा. सकाळी तो ओढून बघायचा. डाग आहे का, कुठल्या बाजूला आहे, रंग कोणता, वास कसला, दोन बोटांत चोळल्यावर कसं लागतं. (बोटांवर हातमोजा हवा.) डोळे, नाक, बोटं. फोडणी करपायच्या आत नाकाला कळतं, कणीक सैल झाली की बोटांना कळतं, ते हेच ज्ञान. घरात त्याला कुणी ज्ञान म्हणत नाही, गॅरेजमध्ये त्याचेच पैसे मोजावे लागतात.

साधं, रंग नसलेलं पाणी दिसलं आणि आदल्या दिवशी एसी चालवला असेल, तर काळजी नाही. ते एसीचं पाणी असतं. मधासारखा ते काळा, बुळबुळीत डाग म्हणजे इंजिन ऑइल. नुकतंच ऑइल बदललेलं असेल तर आधी खालच्या ड्रेनच्या बोल्टकडे आणि ऑइल फिल्टरकडे बघावं, तिथे वायसर किंवा रबर नीट बसलेलं नसतं. हिरवा, गुलाबी, नारिंगी किंवा निळा, किंचित चिकट आणि गोडसर वासाचा डाग म्हणजे कूलंट. तो रेडिएटरमधून, होज पाइपमधून किंवा वॉटर पंपातून येतो. कूलंट विषारी असतं आणि कुत्री-मांजरं ते चाटतात, मुलं हात लावतात, म्हणून लगेच धुऊन टाकावं. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, तेलकट, पिवळसर ओल दिसली आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी उतरलेली असली, तर गाडी हलवू नये. तिथे फिटरलाच बोलवावं. पेट्रोलचा डाग बऱ्याचदा दिसतही नाही, कारण ते उडून जातं, पण वास राहतो. तो वास आला तर किल्ली फिरवायची नाही, काडी पेटवायची नाही, माणसं लांब करायची.

दुसरा धडा असा की डाग जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. तेल वरून निघतं, इंजिनच्या अंगावरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं आणि भलतीकडेच टपकतं. म्हणून ओला भाग फडक्याने पुसून काढायचा, थोडं अंतर गाडी चालवायची आणि मग टॉर्च घेऊन सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. गळतीचं मूळ बहुधा तिथे असतं.

कधी खाली डाग नसतो तरी तेल किंवा कूलंट कमी होत जातं. मग धुराकडे बघायचं. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतंय. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय. तेल भरायच्या झाकणाखाली साय दिसली तर तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. रोज जेमतेम एक-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही थोडी साय धरते. पण साय आहे आणि कूलंटही कमी होतंय, तर हेड गॅसकेट गेलेलं असू शकतं. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, ओढून न्यावी.

डिपस्टिक बघायला तर दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, पट्टी काढून पुसायची, परत पूर्ण घालून काढायची, तेल दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. कूलंटच्या टाकीवरही तशाच दोन खुणा असतात. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी उसळून तोंडावर येतं.

हे शिकले आणि त्याच पावसाळ्यात त्याची परीक्षा झाली. गाडीखाली काळे डाग पडायला लागले. एका गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, १८ हजार लागतील. आमच्या समितीच्या बैठकीत हा आकडा आला तेव्हा पैसे कुठून आणायचे यावर पाऊण तास चर्चा झाली. तेल नेमकं कुठून गळतंय, हे आम्ही आठ जणींनी विचारलंच नव्हतं. मग मी पुठ्ठा ठेवला, फडकं घेतलं, दोन दिवस पाहत राहिले. वरच्या टॅपेट कव्हरची कड ओली होती, तिथून तेल इंजिनवरून उतरून खालच्या चेंबरवर येत होतं. दुसऱ्या फिटरकडे गेले आणि म्हटलं, "टॅपेट कव्हरचं पॅकिंग बघा." त्याने बघितलं, बदललं, ११०० रुपये घेतले. डाग थांबले.

पहिल्याने फसवलंच, असं मी म्हणणार नाही. खालून बघितल्यावर त्यालाही तसं वाटलं असेल. पण १८ हजार म्हटल्यावर आमच्यापैकी कुणी प्रश्न विचारणार नाही, हे त्याला माहीत होतं आणि ते खरंच होतं. ते १७ हजार कुणाचे होते? आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या कोर्टाच्या फेऱ्यांचे, औषधांचे.

सुरू न होणाऱ्या गाडीला दोन प्रश्न

गाडी सुरू होत नाही, तेव्हा घाबरून किल्ली फिरवत राहू नये. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मध्ये थोडं थांबावं. आणि स्वतःला पहिला प्रश्न विचारावा, किल्ली फिरवल्यावर इंजिन फिरतंय का?

फिरत नसेल, तर हेडलाइट लावून बघावा. दिवा मंद आहे आणि टक-टक असा भराभर आवाज येतोय, तर बॅटरी बसलेली आहे किंवा तिची टर्मिनल सैल, खराब आहेत. माझ्या त्या रात्रीचं निदान हेच. बॅटरी मोजायचा मल्टिमीटर दोनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. गाडी बंद असताना चांगली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२ च्या आसपास आली की ती उतरलेली आहे. गाडी चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर बॅटरी चार्जच होत नाही, म्हणजे नवी बॅटरी आणूनही प्रश्न सुटणार नाही. नवी बॅटरी गळ्यात मारली जाण्याआधी हे एकदा मोजावं.

दिवा लख्ख आहे आणि एकच 'टक' होऊन थांबतं, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या जोडणीवर. दिवा लख्ख आणि आवाज काहीच नाही, तर आधी क्लच पूर्ण दाबलाय का ते बघावं, काही गाड्या त्याशिवाय सुरू होत नाहीत. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर पार्कमध्ये आहे का बघावं. मग फ्यूज आणि रिले.

इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर दुसरा प्रश्न, पेट्रोल पोचतंय का आणि ठिणगी पडतेय का? पेट्रोल किती आहे हे बघायला लाजू नये, काटा अडकलेला असू शकतो. सगळं शांत करून किल्ली फक्त 'ऑन'वर आणावी. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. तो नेहमी येतो आणि आज आला नाही, तर पंप किंवा त्याचा फ्यूज बघायला सांगता येतं. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत राहिलं तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही, दुसरी किल्ली लावून बघावी. पावसाळ्यात आणखी एक कारण असतं, उंदीर. उबेला बॉनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. टॉर्च मारला की लेंड्या आणि तुटलेली वायर दोन्ही दिसतात.

आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात आणि हजारांचं काम लाखावर जातं. तुंबलेल्या रस्त्यावर मागून लोक ओरडत असतात, "सेल्फ मारा, सेल्फ मारा!" मारू नका. उतरा आणि ढकला.

थोडी सावधगिरी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. बॉनेटमध्ये वाकताना केस, पदर, ओढणी बांधून घ्यायची, कारण रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. बॅटरीची वायर काढताना आधी वजा, लावताना वजा शेवटी. मंगळसूत्र घालावं की घालू नये यावर आपण चळवळीत पुष्कळ वाद घातले आहेत. बॅटरीवर वाकताना मात्र वाद नको. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. धातू दोन टर्मिनलांना टेकला तर भाजतं.

'हेही आता बायकांनीच करायचं?'

हे सगळं मी एका बैठकीत मांडलं तेव्हा दोन आक्षेप आले. दोन्ही खरे आहेत, म्हणून इथे लिहिते.

पहिला, "स्वयंपाक आम्ही, पोरं आम्ही, नोकरी आम्ही, आता गाडीही आम्हीच बघायची? पुरुष एक काम करत होते, तेही अंगावर घ्यायचं?" यावर माझं म्हणणं असं, की काम वाटून घ्यावं, पण ज्ञान वाटून घेतल्याशिवाय कामाची वाटणी खरी होत नाही. ज्याला एखादी गोष्ट येतच नाही, तो ती 'सोडून' देत नसतो, तिच्यासाठी अवलंबून असतो. पुरुषांना पोळ्या येत नाहीत याला आपण त्यांची सोय म्हणतो. मग आपल्याला डिपस्टिक येत नाही याला काय म्हणायचं? ती आपली सोय वाटते खरी, पण रात्री साडेदहाला तिचा हिशेब चुकवावा लागतो.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा होता. आमच्या वस्तीतली एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, आमच्यात कुणाकडे गाडी आहे? हे तुमचं गाडीवाल्या बायकांचं आहे." बरोबर आहे. पण बॉनेट हे एक उदाहरण आहे. वस्तीत पाण्याची मोटर आहे, शिलाई मशीन आहे, पिठाची गिरणी आहे, गावात हातपंप आहे. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातून गरीब, बहुतेक दलित आणि आदिवासी बायकांनी हातपंप दुरुस्त करायचं शिक्षण घेतलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पाणी बाईने आणायचं आणि पंप पुरुषाने दुरुस्त करायचा, ही वाटणी त्यांनी मोडली. त्यांना कुणी शोभेसाठी शिकवलं नव्हतं. पंप बंद पडला की मैलभर चालावं त्यांनाच लागत होतं.

आणि बायकांना हे नवीन आहे असंही नाही. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ यांनी नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे १०० किलोमीटर मोटार नेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली, उघडी पडलेली वायर मोज्याच्या पट्ट्याने गुंडाळली. म्हणजे मोटारीच्या इतिहासात रस्त्यावर निदान करणाऱ्या पहिल्या माणसांत एक बाई आहे. आपल्याकडे साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ मध्ये रेल्वेत सहायक चालक म्हणून लागल्या आणि २०२५ मध्ये निवृत्त झाल्या. रेल्वेत चालकाला नुसतं इंजिन चालवता येऊन भागत नाही. बिघाड कसा शोधायचा याचं प्रशिक्षण असतं, त्याची पुस्तिका जवळ ठेवावी लागते. चालवणं आणि ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं तिथे कुणी मानत नाही. मग आपणच का मानायचं?

आणखी एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. ज्या फिटरने पॅकिंग बदललं तो २२ वर्षांचा मुलगा आहे. आठवीत शाळा सुटली, चौदाव्या वर्षापासून गॅरेजमध्ये. मी कागदावर निदान शिकले, तो इंजिनाला कान लावून. त्याच्याकडे जे ज्ञान आहे त्याला आपल्या समाजात प्रतिष्ठा नाही, कारण त्याने हात काळे होतात. मी इतकी वर्षं बॉनेट उघडलं नाही त्यात बाईपण होतं तसंच माझं शिकलेपण आणि माझी जातही होती. हात काळे करणं हे आपलं काम नाही, हे मला दोन्हींकडून शिकवलं गेलं होतं. त्या मुलाला मी विचारलं, बायकांना शिकवशील का? तो म्हणाला, "शिकवीन की. पण मॅडम लोक विचारतच नाहीत, गाडीत बसून मोबाइल बघतात." मी काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात आम्ही केंद्रात अर्धा दिवस ठेवला. दादा होते, तो मुलगा होता, आम्ही चौदा जणी होतो. प्रत्येकीने स्वतः बॉनेट उघडलं, डिपस्टिक काढली, व्होल्ट मोजले. फाट्यावरची ती बाईही आली होती. ती आता आमच्याच गावात राहते, एका दुकानात कामाला जाते. तिने विचारलं, "ताई, त्या रात्री यातलं काय सैल होतं?" मी टर्मिनल दाखवलं. तिने ते दोन्ही बाजूंना हलवून पाहिलं.

माझी सूचना साधी आहे. ज्या संस्थांकडे, गटांकडे गाडी आहे त्यांनी तिच्या खणात एक टॉर्च, हातमोजे, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, मल्टिमीटर आणि एक वही ठेवावी. दर सोमवारी दोघींनी मिळून तेल, कूलंट, ब्रेक ऑइल आणि टर्मिनल बघून वहीत लिहावं आणि दोघी दर महिन्याला बदलाव्यात. पुढच्या शिबिरात कायद्याच्या सत्राशेजारी अर्धा दिवस यंत्रासाठी ठेवावा. गाडी नसेल तिथे पाण्याची मोटर घ्या, मशीन घ्या. आणि घरी गाडी बंद पडली की टॉर्च धरायला मुलीलाही बोलवा. चहा मुलगा आणेल.